गाडीला तोंड फुटलं

अस्मिताला यातून मिळणार काय होतं? छपराखालची एक जागा. गाडी उभी करायची. बस्स.

एवढ्यासाठी जे झालं ते खरं आहे. ज्याला खोटं ठरवायचंय त्याने आमच्या सोसायटीत यावं, तिच्या गाडीच्या बॉनेटवर कान टेकवावा, आणि मग तोंड उघडावं.

भुताटकी रात्रीच घडते असा लोकांचा समज आहे. ही रात्री घडली नाही. सन सत्त्याण्णव, वैशाखातली अमावास्या, नेरूळ. दिवेलागणीची वेळ. आभाळात अजून उजेड होता. रस्त्यावर पोरं सायकली फिरवत होती.

अस्मिता माझी नणंद. न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला. स्वतःच्या पगारातून तिने जुनी पांढरी मारुती घेतली, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगने गॅलरीत येऊन पाहिलं. कौतुकाने कमी, खोट काढायला जास्त.

आमच्या बिल्डिंगखाली छपराची एक जागा रिकामी होती. चांगला उंच ओटा, पुढून ढाळ दिलेला. सेक्रेटरी सुभाषरावांनी तिथे स्वतःची स्कूटर आणि मोडकं कपाट ठेवलेलं. सुभाषराव म्हणजे सार्वजनिक नळालाही घरचं कुलूप लावतील असे गृहस्थ. अस्मिताने जागा मागितली, तर गेटवर चारचौघांत म्हणाले, "मॅडम, ती जागा गाड्यांसाठी आहे. तुमची ती... शिलाई मशीन."

लोक हसले. हसायला काही लागत नाही.

"मग काय केलं की ती गाडी होईल?" अस्मिताने विचारलं.

"पारसिक हिल चढवा. माणसं भरून. पहिल्या गिअरवर न येता. जागा तुमची! नाहीतर परत मागायची नाही!"

"शब्द?"

"शब्द."

"वहिनी, तू ऐकलंस ना?" ती माझ्याकडे वळली. मी मान डोलावली. सुभाषरावांचं हसू जरा आखडलं. साक्षीदार त्यांना आवडत नाहीत.

रबाळ्याच्या एमआयडीसीत विलास नावाचा मेकॅनिक होता. तोंडाने सुपरफास्ट. बॉनेट उघडून म्हणाला, "मॅडम, गाडी अशक्त नाय. तिला श्वास पुरत नाय. नाक मोकळं करू."

इंजिनावर एक काळा गोल डबा होता. हवा गाळायचा. तो त्याने काढला. त्याच्या जागी जाळीचा एक शंकू बसवला, त्याला जाडजूड रबरी पाइप जोडला, आणि पाइपचं टोक खाली बंपरमध्ये, नंबर प्लेटच्या बाजूला आणून सोडलं.

"एवढं खाली?" मी विचारलं.

"वैनी, इंजिनाजवळची हवा गरम. खालची थंड. थंड हवा म्हणजे दम! बघा तुमी."

मी बघितलं. जुन्या डब्याचं नाक आत कुठेतरी लपलेलं असायचं. आता गाडीला तोंड होतं. पुढे. जमिनीपासून वीतभर वर.

उघडं.

येताना गाडी खरंच उधळली. आत कोणीतरी शंख फुंकतंय असा आवाज. अस्मिता खिडकी उघडी टाकून हसत होती. "ऐक वहिनी, ऐक! म्हणे शिलाई मशीन!"

सोसायटीच्या अलीकडे तिठा लागतो. तिसरा रस्ता खाली सारसोळे गावात उतरतो. त्या तिठ्यावर, अगदी मधोमध...

पत्रावळ होती.

पिवळा भात. वर अंडं. अर्धं कापलेलं लिंबू. एक उदबत्ती जळत होती.

"बाजूने घे," मी म्हटलं.

"का?"

"उतारा आहे तो."

"भात आहे तो. भाताला वाट देत बसले तर ट्रकवाल्यांना काय देऊ?"

आमच्या घरात हे काही मानत नाहीत. दर रविवारी बुद्धवंदना होते. लिंबू, मिरची, उतारा हे सगळं माझ्या सासऱ्यांनी जालन्याकडच्या गावातच सोडलं आणि मग एसटीत बसले. मीही मानत नाही. पण न मानणं वेगळं आणि वरून जाणं वेगळं.

अस्मिता वरून गेली.

चाकं दोन्ही बाजूंनी. पत्रावळ मधोमध. आणि गाडी वर आली त्या क्षणी...

तिने पाय दाबला नव्हता. मी पाहत होते. तरी इंजिनाने आत ओढलं.

लांब... खूप लांब...

वर्षानुवर्षं चोंदलेलं नाक एकदम मोकळं व्हावं, तसं.

मी मागे वळून पाहिलं. पत्रावळ जागच्या जागी होती. रिकामी. एक शीतही नाही. उदबत्ती तशीच जळत होती, वारा अजिबात नव्हता, पण तिचा धूर वर जात नव्हता.

तो आमच्या मागे येत होता. दोऱ्यासारखा.

गेटपाशी माझ्या सासूबाई, सुंदराबाई, बाकावर बसल्या होत्या. अस्मिताने गाडी लावली, इंजिन बंद केलं, किल्ली हातात घेतली. आम्ही चार पावलं गेलो असू.

"हूं... सूंऽऽ... हूं... सूंऽऽ..."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "कुणाला धाप लागायलीय गं?"

आजूबाजूला कोणीच नव्हतं.

"गाडी आहे आई," अस्मिता म्हणाली. "लोखंड थंड होताना वाजतं."

"माझा बाप दमेकरी होता. मला नको शिकवूस. हा दमा हाय."

"आई, लोखंडाला दमा होत नाही."

"अन् खोकला?"

"खोकला कुठे आला मध्येच?"

तेव्हा गाडी खोकली.

अस्मिताने बॉनेटवर एक थाप मारली. मग म्हणाली, "पेट्रोलमध्ये कचरा असेल." आणि जिना चढून गेली. पण नेहमीसारखी दोन-दोन पायऱ्या गाळत नाही.

दोन दिवसांनी सकाळी काशी आली. काशी सारसोळ्याची कोळीण, आमच्या दारात टोपली उतरवायची. त्या दिवशी टोपलीआधी बातमी उतरवली.

"वैनी, आमचा जोमा उटला!"

जोमा तिचा भाऊ. गावच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. हळदीला जोमा नसेल तर नवरी रुसते म्हणायचे. पण दम्याने त्याचं वाजवणं दोन वर्षं बंद होतं. उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा.

"डाक्टर झाले, औषदा झाली. मंग आमोशाला उतारा टाकला. तीनदा फुकवला जोमाला त्या भातावर. आन् दुसऱ्या दिशी बगते तं, गडी वाजवतोय!"

मी अस्मिताकडे पाहिलं. ती उभ्या उभ्या चहा पीत होती.

"उतारा कुत्र्याने खाल्ला असेल," ती म्हणाली.

"कुत्रा अंडा खातो, ताय. लिंबू कोन खातो?"

"मग कोणी नेला?"

"ते इचारायचा नसतो." काशी सुरमईचे तुकडे करू लागली. "ज्याच्या तोंडात जेला, त्याचा झाला. आमचा सुटला."

अस्मिताचा चहा तसाच राहिला.

रविवारी सकाळी पारसिक हिल. अस्मिताच्या शेजारी सुभाषराव, परीक्षक म्हणून, आणि वजनाला भर म्हणूनही. मागे मी, सासूबाई आणि माझे मिस्टर प्रितम.

पहिलं वळण गाडीने असं घेतलं की सुभाषरावांनी दाराची मूठ धरली. दुसऱ्या वळणाला ते गप्पच झाले. छपराखालची जागा अस्मिताच्या खिशात होती. अगदी थोडा चढ उरला होता.

आणि शिट्टी सुरू झाली.

बारीक. आत खोल. इंजिनाचा आवाज एका तालात, आणि हा दुसऱ्याच. इंजिन ओढत होतं... आणि त्याच्या आत कोणीतरी पुरत नाही, पुरत नाही म्हणून धडपडत होतं.

"दाब अजून," प्रितम म्हणाले. "पोचलोच!"

गाडी चढली असती. हे मी आजही सांगते. अस्मिताने दाबलं असतं तर ती चढली असती.

सासूबाईंनी पुढे वाकून तिचा खांदा धरला. "थांब गं. जीव चाललाय त्याचा."

'तिचा' नाही. 'त्याचा' म्हणाल्या.

अस्मिताने ब्रेक दाबला.

"शिलाई मशीन!" सुभाषराव म्हणाले. बाहेर उतरून त्यांनी समोरची खाडी इतक्या आनंदाने न्याहाळली, जणू तीही सोसायटीच्या हद्दीत आणणार होते.

 दुपारी अस्मिताने विलासला फोन केला. "तुझा तो पाइप काढ. माझा जुना डबा लाव. आजच."

संध्याकाळी विलास आला. सारसोळ्यात कोणाची तरी हळद होती. ढोलकी, ताशा आणि त्यावर जोमाचं क्लॅरनेट. सूर थेट आमच्या कंपाउंडपर्यंत येत होता. विलास पाना फिरवता फिरवता मान हलवत होता. "काय वाजवतो राव! एका दमात!"

शंकूला हात लावला आणि त्याने तो झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"ओला हाय."

मी हात लावला. ओलसर. कोमट. तोंडासमोर तळहात धरला की लागतं, तसं.

"काढ," अस्मिता म्हणाली.

विलासने पट्टी सैल केली. पाइप ओढला. तो सुटला...

क्लॅरनेट थांबलं.

सूर संपून नाही. मधेच. कापल्यासारखं.

ढोलकी थोडी पुढे गेली, अडखळली. मग ताशा थांबला. मग काहीच नाही. एवढा मोठा हळदीचा मांडव, आणि एक आवाज नाही.

गाडीसुद्धा गप्प होती. अमावास्येनंतर पहिल्यांदाच.

मग खालून, गावातून, एका बाईची किंकाळी आली. मी ती ओळखली. रोज सकाळी हाच आवाज आमच्या दारात "म्हावरा" म्हणायचा.

विलास पाइप हातात धरून उभा होता. त्याला काही माहीत नव्हतं, तरी त्याचा चेहरा उतरला होता. अस्मिताने पाइप हिसकावला. स्वतः वाकली. शंकूवर चढवला, दोन्ही हातांनी आवळून धरला. पट्टी नाही, पाना नाही, नुसते हात.

"घे," ती म्हणाली. कोणाला, ते मी विचारलं नाही. "घे ना रे..."

काही नाही.

काही नाही.

"हूं..."

गाडीने आत ओढलं.

आणि खालून क्लॅरनेटचा एक सूर आला. थरथरता. मग नीट. मग गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच, त्याच ओळीपासून, पुढे सुरू झालं.

विलासने पट्टी आवळली, हात पुसले आणि निघाला. पान्यांची पेटी तिथेच राहिली. ती न्यायला तो आजवर आलेला नाही. मी निरोप धाडला होता. तर म्हणाला, वैनी, ठेवा तुमालाच.

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी विषय काढला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई, पण पोरीपुढे सगळं पातळ होतं. "एक भाताचा मुटका उतरव गाडीवरून. ठेव लांब कुठं तरी. तिकडं उरणच्या रस्त्याला. जाईल कुणीतरी घेऊन."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"मला काय माहीत?"

"मग मी कोणाच्या तोंडात घालू ते? उद्या एखाद्या पोराने उचललं तर?" अस्मिताने ताट सरकवलं. "आई, मी हे मानत नाही. योगायोग आहे सगळा. पण मानत असते ना, तरी रस्त्यावर टाकलं नसतं. माझ्या दारात आलंय. माझ्याकडेच राहील."

"मानत नाहीस, तर मग डबा लाव की परत," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

ती हात धुवायला उठली. "नाही लावणार."

"का?"

"माझी गाडी आहे. माझी मर्जी."

देव न मानणारी माणसं मी पाहिलीत. पण न मानता इतकी चोख सेवा करणारी ही एकच. रोज सकाळी खाली जाऊन गाडी चालू करायची. तोंडासमोरचा पाला काढायचा. शंकूवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. ऑफिसला मात्र बसने जायची. चढाचे रस्ते गाडीला बंद. पोरांनी एकदा त्या तोंडात गंमत म्हणून कागदाचा बोळा घातला, तर ही चप्पल न घालता तीन मजले उतरून धावली. काशी दुसऱ्या दिवशी सांगत होती, काल जोमाचा अचानक घसा दाटला होता, पन लगेच सुटला.

काशीला आम्ही काही सांगितलं नाही. पण कोळणीचे डोळे. एक दिवस जाताना गाडीपाशी थांबली. वाकून त्या तोंडाकडे पाहिलं.  तेव्हापासून टोपलीतलं पहिलं पापलेट आमच्या घरी येतं. नाही म्हटलं तर रागावते.

जुलैत कंपाउंडमध्ये पाणी तुंबलं.

आमच्याकडे दर वर्षी तुंबतं. घोट्यापर्यंत येतं आणि उतरतं. त्या दुपारी उतरेना. मी खिडकीतून पाहिलं. पाणी टायरच्या अर्ध्यावर आलं होतं. बंपर...

बंपरमधलं ते तोंड वीतभरच वर होतं.

तेवढ्यात काशी भिजत जिना चढून आली. आमच्या दारात ती कधी रिकाम्या हाताने आली नव्हती. "ताय हाय का? ताय! जोमा घरात बसलाय, कोरड्यात... आन् पानी ओकतोय! गटाराचा पानी! पेट्रोलचा वास येतोय त्याला!"

अस्मिता मागच्या खोलीतून आली. पुढचं वाक्य ऐकायला थांबली नाही.

आम्ही सगळ्यांनी गाडी ढकलली. सासूबाईंनीसुद्धा. इंजिन चालू करायचं नव्हतं, पाणी आत ओढलं गेलं असतं. कंपाउंडमध्ये उंच जागा एकच होती. छपराखालचा ओटा. सुभाषरावांची स्कूटर आणि कपाट.

अस्मिताने स्कूटर उतरवली आणि कपाट पाण्यात लोटून दिलं.

सुभाषराव छत्री घेऊन धावत आले. "ओ मॅडम! पैज हरला होतात तुम्ही! ही जागा..."

"गाडी चढवतेय. धरता का मागून?"

"मी कमिटी बोलावीन! नोटीस काढीन!"

"काढा." ती छातीने गाडी रेटत होती. केस तोंडावर आलेले. "माझा शब्द तुटला. तोडला मी. लिहा नोटिशीत. पण आज ही गाडी इथून हलवायची असेल तर आधी तिच्याशी बोला."

गाडी ओट्यावर चढली. सुभाषराव तावातावाने पुढे आले, बॉनेटवर हात आपटायला. हात टेकला.

तो तिथेच राहिला.

मी त्यांचा चेहरा पाहत होते. बॉनेटखालून गुळगुळ आवाज येत होता, पाण्यात बुडालेल्या माणसाचा असतो तसा. मग त्या बंपरच्या तोंडातून गढूळ पाणी बाहेर पडलं. धारेने नाही. उलटी झाल्यासारखं. झटक्याझटक्याने. आणि शेवटी, अगदी स्पष्ट...

"हाऽऽ..."

सुटलेला श्वास.

सुभाषरावांची छत्री वाहत गेली. ते ती घ्यायला थांबले नाहीत.

वरून काशीची हाक आली. जिन्यातून वाकून ती आधी गावाकडे पाहत होती, मग आमच्याकडे. तिने दोन्ही हात जोडले. गाडीला की अस्मिताला, कळलं नाही. अस्मिता ओरडली, "हात जोडू नकोस गं, मला चालत नाही ते! जोमाला बघ जा!"

नोटीस आली नाही. सेक्रेटरीचं पद सुभाषरावांनी त्याच वर्षी सोडलं, तब्येतीचं कारण देऊन.

या गोष्टीला आज दोन वर्षं झाली. ही का घडली, मला विचारू नका. जोमाच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणतात, दमा कधी कधी आपोआप जातो. मेकॅनिकला विचारलं तर म्हणतो, पाइपात वारा वाजतो. दोघेही शहाणे आहेत. दोघांनाही एकदा संध्याकाळी त्या छपराखाली उभं करायचं आहे मला.

तर हिशेब असा. सुभाषरावांची जागा गेली. विलासची पान्यांची पेटी गेली. काशीचं रोज एक पापलेट जातं. जोमाला एक दमडी पडली नाही, आणि पडूही नये. येत्या हंगामाच्या हळदींच्या त्याच्या सगळ्या तारखा भरल्या आहेत. अस्मिताला जागा मिळाली. पैजेत जे मागितलं तेच. वर काही नाही.

हिशेब जुळायला हवा होता. महिन्यापूर्वीपर्यंत मी जुळला असंच धरून होते.

गेल्या महिन्यात गाडीचा आवाज हलका झाला. शिट्टी गेली. खोकला गेला. म्हातारी झोपते तशी शांत झाली. मला बरं वाटलं. मग एका दुपारी अस्मिता माझ्या शेजारी भाजी निवडत बसली होती. आम्ही दोघीच. पंखा बंद. आणि...

"हूं... सूंऽऽ..."

मी खिडकीकडे पाहिलं. गाडी तीन मजले खाली होती.

आवाज इथून येत होता. अगदी जवळून.

"धूळ आहे," अस्मिता मान वर न करता म्हणाली. "नवी मुंबईत काय कमी बांधकामं चाललीत?"

"अस्मिता..."

"वहिनी, धूळ आहे म्हटलं ना." तिने मेथीची काडी मोडली. खालून, सारसोळ्यातून, जोमाचा सराव ऐकू येत होता. एका दमात, लांबलचक. ती तो संपेपर्यंत ऐकत राहिली. मग हसली. "आणि नसली धूळ, तरी माझ्याकडून पुढे कोणाकडे जाणार नाही. ज्याला वसूल करायचंय, त्याने माझ्या समोर यावं."

अजून कोणी समोर आलेलं नाही.

वसुली मात्र सुरू आहे.